जुनी बाकी पुढे न ओढणारी ॲप्स

आज १७ तारीख. मी दुकानदारांचे जीएसटीचे हिशोब करते, माझ्या धंद्यात हे दिवस फार घाईचे, २० च्या आत महिन्याचं जीएसटीचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, भरायचं असते, एक दिवस उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, अन् माझ्या टेबलावर नागपूरच्या इतवारी बाजारातल्या दोन दुकानांच्या बिलांच्या थैल्या अजून तशाच गाठ मारून पडल्या आहेत. तरी सकाळचा वेळ काढून हे लिहून राहिले, कारण काल मावसभाऊ भेटला. तो इथेच एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, तर म्हणाला, ताई मलाही तुझ्यासारखंच होते, पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत मन कुठच्या कुठे, तू कोणतं ॲप वापरते ते सांग, आताच टाकतो. मी तिथल्या तिथे दोन-तीन नावं सांगितली. मग सीताबर्डीला मेट्रो बदलताना वाटलं की नुसती नावं सांगून काही होत नाही, ती नावं सापडायच्या आधी मी जी पंधरा-वीस ॲप्स टाकली अन् काढून फेकली, ती का काढली हे सांगायला पाहिजे होतं.

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, हे वयाच्या ३३ व्या वर्षी कळलं. आपल्याकडे अजूनही लोकांना वाटते की हे लहान मुलांचं, तेही उड्या मारणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या पोरांचं काहीतरी असते. मी तर शाळेत अगदी चुपचाप बसायची, फक्त तिथे नसायची. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली तेव्हा मला नवल वाटलं, मग समजलं की २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकामध्ये मोठ्या माणसाचं निदान करतानाही लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून होती का हे पाहावं लागते (त्याच्या आधी ही अट ७ वर्षांची होती, म्हणजे माझ्यासारख्या कितीतरी मुली तिथेच गळून जात असतील). आईने दिवाणातून सगळी प्रगतिपुस्तकं काढली. दुसरीपासून नववीपर्यंत शिक्षिका बदलत गेल्या पण शेरा एकच, हुशार आहे, लक्ष देत नाही. आई ते एकामागून एक वाचत गेली अन् शेवटी म्हणाली, "मी तर समजत होती तू मुद्दाम करते वं." मग उठली अन् चहा ठेवायला आत गेली, अन् बराच वेळ बाहेरच आली नाही.

हे लिहायचं कारण एवढंच की ॲप म्हणजे उपचार नाही. गोळ्या घ्यायच्या की नाही, कोणत्या, हे डॉक्टरसोबत बसून ठरवायचं. रील पाहून आपलं आपण निदान करायचं नाही. कोणाजवळ जावं तेच समजत नसेल तर १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत अन् चोवीस तास कोणीतरी उचलते. तिथून सुरुवात करता येते.

आता ॲपचं. निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात मी अगदी हावरटासारखी ॲप्स टाकली. त्यातलं एक सवयी लावायचं होतं, रोज केलं की आगीची खूण वाढत जायची, १ दिवस, २ दिवस, असं करत मी ४१ दिवसांपर्यंत नेलं. ४२ व्या दिवशी मामाजींना अचानक ॲडमिट करावं लागलं, रात्र दवाखान्यात गेली, अन् दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर शून्य. वरून एक रडवेला चेहरा, तू आम्हाला विसरली म्हणून. मी खरंच रडली त्या दिवशी, मामाजींच्या काळजीने की त्या शून्याने हे आज सांगता येणार नाही, पण ते ॲप मी पुन्हा उघडलं नाही, अन् त्याच्यासोबत पाणी पिणं, फिरायला जाणं, सकाळी यादी करणं, त्यात लावलेल्या सगळ्याच सवयी गेल्या. नंतर पाहिलं तर माझ्या सगळ्या काढून टाकलेल्या ॲप्सचा शेवट असाच झाला होता. चालू असेपर्यंत छान. एक दिवस तुटलं की ते उघडायचीच भीती, कारण उघडलं की आत लाल अक्षरांत मागच्या सात दिवसांची राहिलेली कामं बसलेली असतात.

हिशोबाच्या भाषेत सांगते, मला तीच येते. वर्ष संपलं की जुनी बाकी नव्या वहीत ओढावी लागते, ते बरोबरच आहे, पैशाचं तसंच असते. पण लक्षाचं खातं तसं ठेवलं तर आमच्यासारखा माणूस वहीच उघडत नाही. त्यामुळे माझी आता एकच परीक्षा आहे. कोणतंही ॲप टाकायच्या आधी मी ते चालू असताना कसं दिसते हे पाहत नाही, मी ते मुद्दाम आठ दिवस विसरते अन् मग उघडून पाहते की ते मला काय म्हणते. जे काहीच म्हणत नाही, आजचं पान कोरं ठेवते, ते राहते. फिंच नावाचं एक आहे, त्यात एक छोटं पाखरू असते, तुम्ही काही केलं की ते हिंडायला जाते अन् नाही केलं तर मरत नाही की आजारी पडत नाही, तिथेच असते. मोठ्या माणसाला हे पोरकट वाटेल. मला नाही वाटत, मी १९ दिवसांनी परत गेली तरी ते तिथेच होतं.

वेळेचं सांगते. रसेल बार्कली म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं, त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी येते की एडीएचडीवाल्याला काय करायचं ते माहीत असते, जे माहीत आहे ते त्या वेळेवर होत नाही, अन् वेळ त्याला दिसतच नाही. हे ऐकलं तेव्हा मला एकदम आईचं स्वयंपाकघर आठवलं. तिथे घड्याळ नाही पण वेळ सगळीकडे आहे, कुकरच्या तीन शिट्ट्या, दूध वर यायची वेळ, नळ जायची वेळ. माझ्या टेबलावर तसं काहीच नाही, लॅपटॉपच्या कोपऱ्यात चार आकडे, अन् ११:१० चे १:४० कधी झाले ते कळत नाही. म्हणून मला आकडे उतरत जाणारा टायमर चालत नाही, मला लाल चकती लागते. पूर्ण वर्तुळ लाल असते अन् वेळ जाईल तशी ती फाक लहान लहान होत जाते. टाइम टायमर नावाचं ते मुळात टेबलावर ठेवायचं खरं घड्याळ आहे, एका आईने आपल्या लहान मुलीला "अजून किती वेळ" हे डोळ्यांनी दिसावं म्हणून बनवलेलं, आता त्याचं ॲपही आहे अन् तशीच चकती दाखवणारी फुकट ॲप्सही भरपूर सापडतात.

पोमोडोरो तर सगळ्यांना माहीत असते, १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो या इटलीतल्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलं, पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटोच, २५ मिनिटं काम अन् ५ मिनिटं आराम. चांगलं आहे. पण ते २५ म्हणजे काही वेदवाक्य नाही. थैली उघडायच्या दिवशी मला २५ डोंगरासारखे वाटतात, मी ७ लावते, कधी ५. अन् एकदा का बिलांत मन घुसलं की २५ ला वाजणारी घंटा माझं नुकसान करते, तेव्हा मी ती बंद ठेवते अन् फक्त दीड तासाने पाणी प्यायची एक आठवण येऊ देते. विंडोज ११ मध्ये घड्याळाच्या ॲपमध्येच फोकस सेशन आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही, मिनिटं आपण ठरवायची.

थैली उघडणं हाच माझा खरा अडथळा आहे, थैलीतलं काम नाही. बाहेरच्याला हे समजत नाही, नवरोबाला समजायला दोन वर्षं लागली. "इतवारीचं रिटर्न" असं यादीत लिहिलं की ते मला एक सपाट भिंत दिसते, कुठे हात घालायचा तेच दिसत नाही. यासाठी गॉब्लिन टूल्स. वेबसाइटवर फुकट आहे, त्यात एक काम टाकलं की ते त्याचे तुकडे पाडून देते, अन् काम तुम्हाला किती जड जाते हे सांगायला मिरच्यांची खूण आहे, जितक्या जास्त मिरच्या तितके बारीक तुकडे. नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला मिरचीची भाषा शिकवावी लागत नाही, आमच्या घरी भिवापुरी मिरचीवरच सगळं चालते. मी सगळ्यात वरची मिरची लावते अन् पहिलं पाऊल येते की थैली टेबलावर ठेवा, दुसरं, बिलं बाहेर काढा, तिसरं, खरेदी अन् विक्री वेगळी करा. हे मला माहीत नाही का, माहीत आहे, मी ११ वर्षं हे करून राहिले, पण ते बाहेर समोर लिहिलेलं असलं की हात चालतो. आत एआय आहे त्यामुळे कधी कधी चुकीचं पाऊलही टाकते, जीएसटीचे नियम मी त्याला कधीच विचारत नाही, फक्त फोडणी द्यायला वापरते, भाजी माझी.

आता ओटीपी. यावर कोणी बोलत नाही अन् माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जात होता. काम लॅपटॉपवर चालू आहे, मन लागलेलं आहे, अन् बँक म्हणते, पोर्टल म्हणते, ओटीपी टाका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला असला तरी उठावं लागते, फोन हातात घ्यावा लागते, सहा आकडे पाहायला स्क्रीन उघडली की वर शाळेच्या ग्रुपवरचे ३४ मेसेज, कोणाचा तरी वाढदिवस, एक रील, अन् मी सोफ्यावर बसलेली, ओटीपीची मुदत केव्हाच संपलेली. दिवसाला पाच-सहा ओटीपी येतात, म्हणजे पाच-सहा वेळा मला त्या दारातून बोलावून नेल्यासारखं होते, अन् फोन दूर ठेवा असं सांगणाऱ्या सगळ्या सल्ल्यांचं इथे काही चालत नाही. माझं यावर उत्तर अगदी साधं निघालं. गुगल मेसेजेस अँड्रॉइडवर असेल तर ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जोडता येते, मग एसएमएस लॅपटॉपवरच दिसतात, ओटीपी तिथेच वाचायचा, तिथेच टाकायचा, फोन आत चार्जिंगला. फक्त तो लॅपटॉप आपला एकट्याचा पाहिजे, ऑफिसातल्या किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर हे करू नका, बँकेचे मेसेज उघडे पडतील. लक्षाचं म्हणून कोणी हे बनवलेलं नाही, पण मला कोणत्याही फोकस ॲपपेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

अन् फोन हातात आलाच तर त्याच्यासाठी वन सेक. तुम्ही जे ॲप नेमून द्याल ते उघडायला गेलं की हे मधे येते, एक लांब श्वास घ्यायला लावते, अन् मग विचारते उघडायचं की राहू द्यायचं. बस. अडवत नाही, कुलूप नाही. पूर्वी मी कुलूपवाली ॲप्स वापरली, तर माझा सगळा जोर ते कुलूप कसं काढायचं यातच जायचा, अन् ते जमलं की जिंकल्यासारखं वाटून दोन तास तिथेच. वन सेकवर जर्मनीतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२३ साली पीएनएएस या जर्नलमध्ये आला, त्यात दिसलं की उघडायला गेलेले लोक ३६ टक्के वेळा तिथूनच परत फिरले. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. त्यांनी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या, थोडं थांबवणं, परत फिरायचा पर्याय देणं, अन् विचार करायला लावणारा संदेश दाखवणं. सगळ्यात जास्त काम केलं परत फिरायच्या पर्यायाने, थांबवण्यानेही केलं, संदेशाचा परिणाम दिसला नाही. म्हणजे दार थोडं हळू उघडलं अन् मागे फिरायला जागा ठेवली तर माणूस आपला आपण फिरतो, त्याला दारात उभं राहून समजवावं लागत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी आईला मराठीत सांगून ऐकवलं, कारण तिने मला अन् मी स्वतःला तीस वर्षं नुसते संदेशच दाखवले होते.

आई मधे आलीच तर सोबतीबद्दल लिहिते. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात, मी सोबत म्हणते. लहानपणी मी गणितं फक्त एकाच जागी सोडवू शकायची, आई अंगणात गहू निवडत बसलेली असायची अन् मी तिच्या बाजूला पोत्यावर. ती माझ्या वहीकडे पाहायची नाही, बोलायचीही नाही, सुपाचा आवाज येत राहायचा. तिथून उठून खोलीत टेबल-खुर्चीवर बसवलं की सगळं बंद. तेव्हा सगळ्यांना वाटायचं हिला कामचुकारपणा करायला अंगण पाहिजे. आता समजते की मला दुसऱ्याचे चालते हात दिसले की माझे चालतात. फोकसमेट म्हणून एक साइट आहे, तिथे २५, ५० किंवा ७५ मिनिटांची वेळ घ्यायची, कॅमेऱ्यासमोर जगाच्या कोणत्या तरी कोपऱ्यातला एक अनोळखी माणूस येतो, दोघांनी सुरुवातीला आपण काय करणार ते सांगायचं, मग आवाज बंद करून आपापलं काम, शेवटी काय झालं ते सांगायचं. आठवड्यात तीन वेळा फुकट आहे. पहिल्यांदा मला फार संकोच वाटला, इंग्रजीत बोलावं लागते, पण समोरची बाई तिच्या कपाटातले कपडे लावत होती अन् मी खरेदीची बिलं, अन् ५० मिनिटांत पूर्ण थैली झाली, मला विश्वासच बसेना.

नंतर मी अन् अमरावतीची माझी मैत्रीण, आम्ही दोघीच व्हिडिओ कॉल लावतो. ती शिक्षिका आहे, पेपर तपासते. आमचे दोन नियम आहेत, मधे बोलायचं नाही, अन् शेवटी "झालं नाही" म्हटलं तर दुसरीने "काहून?" विचारायचं नाही. हा दुसरा नियम तिने आणला, अन् तो नसता तर आमचं हे महिनाभरात बंद पडलं असतं असं मला वाटते. कॉल लावायला काही खास लागत नाही, व्हॉट्सॲप चालते, मी फक्त तो कॉल जुन्या टॅबलेटवर घेते, त्यात दुसरं काहीच ठेवलं नाही.

आवाजाचं थोडक्यात. उन्हाळ्यात माझं काम जास्त चांगलं होते हे मला अनेक वर्षं कोडं होतं, मे महिन्यात ४५ डिग्रीत डोकं चालते अन् डिसेंबरच्या गोड थंडीत नाही, असं कसं. ते कूलर होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखी घरघर, बाहेरचे सगळे आवाज त्यात बुडून जातात. आता दिवाळीनंतर कूलर झाकून ठेवला की मी हेडफोनवर ब्राउन नॉइज लावते, खोल घोगरा एकसुरी आवाज, मन लावायला सगळ्यांना चालेलच असं नाही, माझ्या भाच्याला तर शांतताच लागते.

वाचायचं असेल तर एज ब्राउझरमधलं रीड अलाउड. लांबच लांब सर्क्युलर माझ्या डोळ्यांखालून नुसतं घसरत जाते, तेच कोणी वाचून दाखवलं अन् वाचत असलेला शब्द रंगत गेला तर मी शेवटपर्यंत पोचते. यात मराठी आवाजही आहेत, आरोही अन् मनोहर, मराठी लेख मी आरोहीला वाचायला लावते, भांडी लावता लावता. अन् उलट्या दिशेने, काम चालू असताना जो काही भलताच विचार येतो, गॅस बुक करायचा राहिला, मामाजींच्या गोळ्या संपल्या, त्याच्यामागे न जाता जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डच्या मराठी व्हॉइस टायपिंगने गुगल कीप या टिपणांच्या ॲपमध्ये एक ओळ बोलून टाकायची. टायपायला गेली की विचारासोबत मीही गेली. बोललेलं चुकीचं उमटलं तरी संध्याकाळी कळते काय म्हणायचं होतं.

राहिलं ते फोन कॉलचं, अन् तिथे मी अजून अडखळून राहिले. दुकानदार लोक फोनच करतात, त्यांची सवय आहे, अन् दर फोननंतर मला परत बिलांत शिरायला अर्धा तास लागतो. मागच्या आठवड्यात धीर करून व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अवे मेसेज लावला, सकाळी ११ ते दुपारी ४, मराठीत लिहिला, की या वेळेत मी तुमचंच काम करत असते म्हणून फोन उचलत नाही, व्हॉइस नोट टाकून ठेवा, चार वाजता सगळं ऐकते. पाठवताना हात थरथरत होते, ३० वर्षं जुनी दुकानं आहेत, माणसं मोठी आहेत, कोणाला उद्धट वाटलं तर. पहिली व्हॉइस नोट इतवारीच्या काकाजींचीच आली, मागे हमालांचा गलका चालू, "बेटा, तू कर आरामात, माझी दोन बिलं भेटून नाही राहिली, भेटली की पोऱ्याच्या हाती थैलीत घालून पाठवतो." ती दोन बिलं काल संध्याकाळी आली, थैलीवर पेनने माझं नाव अन् खाली "४ नंतर" असं लिहिलेलं. अकराला दहा मिनिटं कमी आहेत, मैत्रिणीचा कॉल येईल आता, मी त्या थैलीची गाठ सोडते.